डीएस३२३१ घड्याळाचा बोर्ड: दोन पावसाळे वापरल्यानंतर

मी पाऊस मोजते. गच्चीवर झुकत्या वाटीचं पर्जन्यमापक बसवलंय. वाटीत ०.२ मिलिमीटर पावसाचं पाणी साठलं की ती कलते, तिच्यावरचा चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) जातो आणि प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेला छोटा संगणक फाइलमध्ये एक ओळ लिहितो. त्या ओळीत पावसाबद्दल काही नसतं, फक्त वेळ असते. एक ओळ म्हणजे ०.२ मिलिमीटर हे ठरलेलंच आहे. पाऊस रिमझिम होता की धो धो, हे दोन ओळींमध्ये किती सेकंद गेले त्यावरून कळतं. एका मिनिटात दहा ओळी आल्या तर तो तासाला १२० मिलिमीटरच्या वेगाने कोसळतोय. माझी सगळी नोंदवही ही अशी वेळांची यादी आहे. वेळ चुकली की त्या यादीला काही अर्थ उरत नाही.

म्हणून नखाएवढ्या चिपच्या बोर्डाबद्दल मी एवढं लांबलचक लिहितेय.

माझा संगणक एका बोर्डवर मावणारा, खिशात बसेल असा आहे आणि त्याच्यावर स्वतःचं घड्याळ नाही. टेबलावरच्या संगणकात सेलवर चालणारं घड्याळ असतं याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की ते आहे हेच विसरायला होतं. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी एटी काढला, त्याच्या मदरबोर्डवर मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती, शेजारी सेल होता, आणि तेव्हापासून संगणक बंद असला तरी वेळ चालू राहते हे गृहीतच धरलं गेलं. छोट्या बोर्डांवर मात्र जागा आणि खर्च वाचवायला ही चिप बहुतेकदा गाळलेली असते. वीज आली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा, १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतो. ते फारच विचित्र दिसू नये म्हणून एक छोटा प्रोग्रॅम दर तासाला चालू वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी बूट होताना तीच वेळ परत लावतो. मग इंटरनेट मिळालं की एनटीपीवरून, म्हणजे नेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, खरी वेळ येते.

इंटरनेट मिळालं तर.

एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली आणि मिनिटभरात आली. संगणक पुन्हा चालू झाला, पण इंटरनेटची लाइन सकाळी सातपर्यंत मेलेलीच होती. फाइलमधली शेवटची वेळ होती एक वाजून सतरा मिनिटं. संगणकाने ती निमूटपणे लावली आणि पुढचा सगळा पाऊस तिथून नोंदवायला सुरुवात केली. पण एक सतरा ते दोन दहा या वेळेतला पाऊस आधीच नोंदलेला होता! दुसरा पाऊस त्याच्याच अंगावर चढला. सकाळी आलेख उघडला तर दीडच्या सुमाराला एक सुळका दिसला. मी चहूबाजूंनी विचार केला, मोजपात्रातलं पाणी पाहिलं. एकूण बेरीज जुळत होती, पण एवढ्या जोराचा पाऊस त्या रात्री पडलेलाच नव्हता. सात वाजता फाइलमधली वेळ एकदम ५४ मिनिटं पुढे उडी मारते हे दिसलं तेव्हा उलगडा झाला. मधल्या प्रत्येक ओळीत ५४ मिनिटं मिळवून ती रात्र मी सावरली. पण त्याच आठवड्यात एका रात्री वीज तीनदा गेली-आली. त्या तीन तुकड्यांपैकी कुठला कुठे बसवायचा, हे सांगेल असं फाइलमध्ये काहीच नव्हतं. ती रात्र माझ्या नोंदवहीत कोरी आहे.

वादळात वीज जाते, लाइन जाते, आणि नेमका तेव्हाच पाऊस मोजायचा असतो. नेटवरून मिळणारी वेळ माझ्या कामाला लंगडी पडते ती इथे.

तर हा बोर्ड. निळा, आगपेटीपेक्षा थोडा लहान, पाठीवर झेडएस-०४२ असं छापलेलं, एका बाजूला नाण्यासारख्या सेलचं घर. मुख्य चिप डीएस३२३१, आणि तिच्याजवळ ३२ किलोबिटची एक छोटी मेमरी चिप, जी मी कधीच वापरली नाही. चार तारा जोडायच्या: वीज, जमीन आणि आयटूसी या चिपांना जोडणाऱ्या मार्गाच्या, म्हणजे बसच्या, दोन. जोडून झाल्यावर बसवरची यंत्रं तपासली तर हेक्साडेसिमल ६८ या पत्त्यावर घड्याळ आणि ५७ वर मेमरी, दोन्ही पहिल्याच फटक्यात दिसली. वीज ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच घ्या. त्याचं कारण पुढे सेलच्या गोष्टीत येईल. जोडणीबद्दल याहून सांगण्यासारखं काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

खरं काम पुढचं आहे, आणि बहुतेक अभिप्रायांत ते दोन ओळींत उरकलेलं दिसतं. चिपमध्ये बरोबर वेळ असणं वेगळं आणि बूट होताना ती वेळ सिस्टिमच्या घड्याळात जाणं वेगळं. ही दोन घड्याळं एकमेकांशी आपणहून बोलत नाहीत. सिस्टिमचं घड्याळ कर्नलच्या आत, प्रोसेसरच्या टायमरवर चालतं आणि वीज गेली की संपतं. चिप तिकडे सेलवर आपली मोजत बसते. बूटच्या वेळी कुणीतरी एकदा चिप वाचून तो आकडा सिस्टिमला द्यावा लागतो. तो एक क्षण चुकला तर दिवसभर चिप बरोबर आणि फाइल चूक, असा प्रकार होतो.

माझ्याकडे नेमकं तेच झालं. कर्नलमध्ये ही सोय असते, तिला एचसीटूसिस म्हणतात: हार्डवेअरचं घड्याळ वाचून सिस्टिमला लावणारी. पण माझ्याकडच्या जुन्या कर्नलमध्ये ती बूटच्या एका ठरलेल्या टप्प्यावर एकदाच चालायची, आणि डीएस३२३१ चा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा प्रोग्रॅम) मॉड्यूल म्हणून, म्हणजे वेगळा तुकडा म्हणून, त्यानंतर लोड व्हायचा. कर्नल दारात आला तेव्हा घड्याळ अजून घरात पोचलंच नव्हतं. बूटच्या नोंदींत ‘आरटीसी० उघडता आलं नाही’ अशा अर्थाची एक ओळ होती (आरटीसी० म्हणजे लिनक्समधलं या चिपचं नाव) आणि मी तिच्यावरून कितीदा नजर फिरवली असेल देव जाणे. ड्रायव्हर आल्यावर वेळ लावायला यूडेव्हची (नवं यंत्र दिसलं की ठरलेली कामं करणारा भाग) एक स्क्रिप्ट होती, पण तिच्या पहिल्याच तीन ओळी अशा: सिस्टिमडी (बूट होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर काही न करता बाहेर पड. माझ्या सिस्टिमवर सिस्टिमडी होतंच. म्हणजे कर्नलने काम स्क्रिप्टवर सोडलं, स्क्रिप्टने सिस्टिमडीवर, आणि वेळ लावली ती शेवटी त्या जुन्या फाइलवाल्या प्रोग्रॅमने. पुन्हा तोच मागे पडलेला तास!

उपाय तीन केले. फाइलवाला प्रोग्रॅम काढून टाकला, म्हणजे खोटी वेळ लावणारं कुणी उरलं नाही. त्या स्क्रिप्टमधल्या तीन ओळी बंद केल्या. आणि बोर्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आयटूसीवर डीएस३२३१ आहे ही ओळ घातली. नंतर सिस्टिम अद्ययावत केली तेव्हा कळलं की नव्या कर्नलमध्ये घड्याळाचा ड्रायव्हर ज्या क्षणी नोंदला जातो त्याच क्षणी वेळ वाचली जाते, मॉड्यूल उशिरा आला तरी बिघडत नाही. तुमची सिस्टिम नवी असेल तर माझी निम्मी कसरत तुम्हाला करावी लागणार नाही. तरीही तपासा. नेटची वायर काढा, संगणक पूर्ण बंद करा, दहा मिनिटं थांबा, चालू करा आणि कर्नलच्या नोंदींत ‘सेटिंग सिस्टिम क्लॉक टु’ ही ओळ शोधा. ओळ असेल आणि तिच्यातली वेळ बरोबर असेल, तरच काम झालं असं समजा. नेट जोडलेलं ठेवून केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका, कारण एनटीपी सगळ्या चुका झाकून टाकतं.

या हस्तांतरणातली एक गोष्ट मला फार आवडली. चिपमध्ये सेकंदापेक्षा बारीक काही लिहिलेलं नसतं. कर्नलने १४ वाचलं तर चौदावा सेकंद आत्ताच लागलाय की संपत आलाय, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो सेकंद पालटायची वाट पाहत बूट अडवून ठेवत नाही. वाचलेल्या वेळेत सरळ अर्धा सेकंद मिळवतो. त्यामुळे खरी वेळ मागे असो की पुढे, चूक अर्ध्या सेकंदाच्या आत राहते. हातानं एचडब्ल्यूक्लॉक ही चिप वाचायची आज्ञा चालवली तर ते मात्र सेकंद पालटेपर्यंत थांबतं, म्हणून एंटर दाबल्यावर उत्तर यायला किंचित वेळ लागतो. पावसाला अर्धा सेकंद चालतो. तुमच्या कामाला चालत नसेल तर बूटनंतर हे एकदा चालवून घ्या.

आता माझ्या हातून घडलेली चूक, कारण ती इतरांकडूनही होऊ शकते. जुन्या सूचना वाचून मी बंद होतानाच्या स्क्रिप्टमध्ये सिस्टिमची वेळ चिपमध्ये लिहायची आज्ञा घातली होती. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ज्या दिवशी बूटच्या वेळी चिप वाचली गेली नाही, त्या दिवशी सिस्टिममध्ये चुकीची वेळ होती, आणि बंद होताना तीच चुकीची वेळ चिपमध्ये जाऊन बसली. सेलवर इमानाने चालणारं बरोबर घड्याळ मीच बिघडवलं. ती आज्ञा काढून टाका. एनटीपीशी जुळलेलं असेल तेव्हा कर्नल स्वतःच दर ११ मिनिटांनी चिपमध्ये वेळ लिहितो, आणि जुळलेलं नसेल तेव्हा लिहीत नाही. हवं ते नेमकं हेच आहे.

चिपमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा, स्थानिक वेळ नको. विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्सची पद्धत यूटीसीची, आणि एकाच संगणकावर दोन्ही असतील तर एकमेकांची वेळ काही तासांनी सरकवत बसतात. एटीसी फोल्डरमधल्या ॲडजटाइम फाइलच्या तिसऱ्या ओळीत यूटीसी की लोकल ते लिहिलेलं असतं. पाहायला दहा सेकंद लागतात.

वेळेच्या काटेकोरपणाबद्दल बोलायचं तर हा बोर्ड मी मनापासून नावाजते. आधी माझ्याकडे डीएस१३०७ चा बोर्ड होता. त्याला बाहेरून साधा स्फटिक लावलेला असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत बरोबर चालतो आणि तापमान वर गेलं किंवा खाली आलं, दोन्हीकडे मंदावतो. गच्चीवरच्या डब्यात ४५ अंश झाले की तेवढ्यानेच दिवसाला सेकंदाहून जास्त मागे पडतो, आणि स्फटिकाची मूळची चूक वेगळीच. नेट न जोडता ६० दिवस ठेवला तर माझा डीएस१३०७ दोन मिनिटांहून जास्त भरकटला होता. डीएस३२३१ मध्ये स्फटिक चिपच्या आतच असतो आणि शेजारी तापमान मोजणारा भाग असतो. दर ६४ सेकंदांनी चिप स्वतःचं तापमान घेते आणि स्फटिकाची चाल दुरुस्त करते. शून्य ते ४० अंशांत दहा लाखांत दोन भाग एवढीच चूक होईल असं माहितीपत्रक सांगतं, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. माझा बोर्ड ६० दिवस नेटविना, त्याच डब्यात, त्याच उन्हात ठेवला. फरक आला ३ सेकंद. मी दोनदा तपासलं. ३ सेकंदच.

ते तापमान लिनक्समध्ये वाचताही येतं, पाव अंशाच्या पायरीने. अचूकता तीन अंश इकडेतिकडे, त्यामुळे हवामानाची नोंद म्हणून ते चालणार नाही, पण डबा किती तापलाय याचा अंदाज येतो. मी त्यावरून डब्यावर पांढरा रंग दिला.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर: या निळ्या बोर्डवर सेल चार्ज करणारं एक सर्किट आहे, एक डायोड आणि २०० ओमचा रेझिस्टर, ज्यावर २०१ छापलेलं असतं. ते चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. आपण घालतो सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतोच. बोर्ड ३.३ व्होल्टवर असेल तर डायोडनंतर सेलपर्यंत त्याच्या स्वतःच्या दाबापेक्षा कमी दाब पोचतो, म्हणून काही होत नाही. पण ५ व्होल्ट दिले की साडेचारच्या आसपास दाब सतत सेलवर येत राहतो. मी सुरुवातीला टेबलावर दुसऱ्या एका ५ व्होल्टच्या बोर्डला जोडून पंधरा दिवस चाचणी घेतली. सेल काढायला गेले तर घरातून सरकेना. नखाने उचकटून काढला आणि सपाट टेबलावर ठेवला, तर तो मधोमध फुगल्यामुळे डुगडुगत होता. बंद डब्यात, गच्चीवर, कुणाचं लक्ष नसताना हे झालं असतं तर? त्या दिवशी सोल्डरिंगची इस्त्री तापवून तो २०१ चा रेझिस्टर काढून टाकला. बोर्डच्या माहितीत याबद्दल ठळक सूचना असायला हवी होती. मला मिळालेल्या पाकिटात कागदाचा कपटाही नव्हता.

दुसरी तक्रार विकणाऱ्यांबद्दल. या चिपचे प्रकार आहेत. एसएन म्हणजे वर सांगितला तो स्फटिकाचा प्रकार. एम म्हणजे स्फटिकाऐवजी मेम्स रेझोनेटर (सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक) असलेला, आणि त्याची चूक दहा लाखांत पाच भाग, वर्षाला अडीच मिनिटांच्या वर. एमही वाईट नाही. पण जाहिरातीत एसएनचे आकडे आणि पाकिटात एम, हे चूक आहे, आणि माझा पहिला बोर्ड असाच निघाला. चिपवरची अक्षरं भिंगाखाली वाचली म्हणून समजलं. परत केला.

तिसरी बारीक आहे: बोर्डवरचा लाल दिवा वीज असेपर्यंत सतत पेटलेला राहतो. सौर पॅनेलवर चालवणाऱ्यांना हा खर्च टोचेल. मी तोही उखडला.

सेल किती टिकतो? चिप सेलवर असताना जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअर घेते. २२० मिलिअँपिअर-तासांच्या सीआर२०३२ वर हिशेब केला तर आठ वर्षांच्या वर येतो, आणि वीज असताना सेल खर्चच होत नाही. दोन पावसाळ्यांनंतर माझ्या सेलवर ३.०५ व्होल्ट आहेत. सेल बदलताना मुख्य वीज चालू ठेवा. दोन्ही एकदम गेल्या तर चिप १ जानेवारी २००० पासून सुरू होते. तसं झालं तर ती मुकाट्याने खोटं सांगत नाही. ‘मध्ये कधीतरी माझं स्पंदन थांबलं होतं’ असा एक बिट ती वर करून ठेवते, आणि लिनक्सचा ड्रायव्हर तो पाहून ‘सेट टाइम’ असा इशारा नोंदवतो. एवढा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. फाइलवाल्या प्रोग्रॅममध्ये तोच नव्हता. तो जुनी वेळ खऱ्यासारखी मिरवायचा.

कुणी घ्यावा? ज्यांच्या नोंदींचा अर्थ वेळेवर अवलंबून आहे आणि ज्यांचं यंत्र नेट नसताना चालू होऊ शकतं, त्यांनी जरूर घ्यावा. नोंदी ठेवत नसाल तरी एक विचार करा: घड्याळ खूप मागे असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं ‘अजून लागू नाहीत’ म्हणून नाकारली जातात. लाइन परत आल्यावरही माझा रोजचा बॅकअप याच कारणाने अडायचा. चोवीस तास नेटवर असणाऱ्या यंत्राला याची गरज नाही. रास्पबेरी पाय ५ घेणार असाल तर २०२३ मध्ये आलेल्या त्या बोर्डवर घड्याळ आधीच आहे, फक्त सेल जोडावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज सात वेळा गेली. सकाळी मी आधी कर्नलच्या नोंदी उघडल्या, आलेख नंतर. सात बूट, सात वेळा ‘सेटिंग सिस्टिम क्लॉक टु’, आणि प्रत्येक वेळ आधीच्या वेळेच्या पुढे. लाइन दुपारी आली तेव्हा एनटीपीने वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी हलवली. यंत्र बंद होतं त्या मिनिटांचा पाऊस गेलाच, तो मोजपात्रातल्या बेरजेवरून काढला. पण पहाटे तीन अडतीसला दर सहा सेकंदांनी पडलेली ओळ तीन अडतीसलाच होती.

खालच्या टाकीच्या पातळीमापकासाठी दुसरा बोर्ड मागवलाय. तो आला की आधी भिंग, मग २०१ चा रेझिस्टर.